लेटेक्समध्ये दोन गटांत गुठळ्या: स्ट्रेप्टोकोकसचं टायपिंग कसं करायचं

प्रश्न असा आहे: घशाच्या स्वॅबमधून बीटा हिमोलायटिक, म्हणजे रक्ताच्या प्लेटवर लाल पेशी पूर्ण फोडून भोवती स्वच्छ वर्तुळ देणारा, स्ट्रेप्टोकोकस मिळाला. बॅसिट्रॅसिन या अँटिबायोटिकच्या डिस्कभोवती झोन (वाढ न झालेलं वर्तुळ) आहे, पण लेटेक्समध्ये (गटाची प्रतिपिंडं लावलेल्या मण्यांच्या चाचणीत) ए आणि जी या दोन्ही गटांत गुठळ्या दिसतात. प्लेट मानवी रक्ताची, रक्तपेढीच्या मुदत संपलेल्या पिशवीतून केलेली. गट कोणता लिहायचा, आणि पुढे एम टायपिंग (पृष्ठभागावरच्या एम प्रथिनावरून प्रकार ठरवणं) करायचं तर काय लागेल?

तूर्त गट कोणताच लिहू नका. दोन गटांत स्पष्ट गुठळ्या म्हणजे बहुतेक वेळा कल्चर मिश्र असतं. बॅसिट्रॅसिनचा झोन अशा वेळी काहीच सिद्ध करत नाही, कारण तो नक्की कोणत्या जंतूचा हेच ठरलेलं नाही. एकच कॉलनी उचला, ताज्या प्लेटवर चार भागांत स्ट्रीक करा आणि उद्या सगळं पहिल्यापासून करा. एक दिवस जाईल. पण अशुद्ध कल्चरवर केलेलं टायपिंग नंतर दुरुस्त करता येत नाही, फेकून द्यावं लागतं.

आता प्लेटबद्दल. गोंधळाचं मूळ बहुधा इथेच आहे. पिशवीतल्या रक्तात सीपीडीए असतं, म्हणजे सायट्रेट आणि वर डेक्स्ट्रोज. ग्लुकोज मिळालं की स्ट्रेप्टोकोकस आम्ल तयार करतो आणि हिमोलिसिस अर्धवट, हिरवट दिसू लागतो. शिवाय दात्याच्या रक्तात स्ट्रेप्टोलायसिन ओ (लाल पेशी फोडणारं जंतूचं विष) विरुद्धची प्रतिपिंडं किंवा एखाद्या अँटिबायोटिकचा अंश असू शकतो. तिसरी अडचण अशी की एंटेरोकोकस फिकॅलिसच्या काही स्ट्रेन्सचं सायटोलायसिन माणसाच्या आणि घोड्याच्या लाल पेशी फोडतं, मेंढीच्या नाही. मानवी रक्तावर ‘बीटा’ दिसणारी कॉलनी त्यामुळे एंटेरोकोकसची असू शकते, आणि पुढे पीवायआर ही एन्झाइमची रंग-चाचणीही पॉझिटिव्ह येऊन चूक पक्की होते. म्हणून टायपिंगपुरतं तरी 5 टक्के डिफायब्रिनेटेड मेंढीचं रक्त वापरा. रक्त काढताना काचेच्या मण्यांसह बाटली हलवत राहिलं की फायब्रिन मण्यांना चिकटतं. अगार 45 ते 50 अंश सेल्सिअसला आल्यावरच रक्त घाला. त्याहून गरम असेल तर रक्त तपकिरी पडतं. थर सुमारे 4 मिलिमीटर हवा, कारण जाड थरात हिमोलिसिसच्या कडा धूसर दिसतात.

बेस कोणता हेही पाहा. ट्रिप्टिक सॉय अगारमध्ये ग्लुकोज नसतं, पण ट्रिप्टिक सॉय ब्रॉथमध्ये लिटरमागे 2.5 ग्रॅम असतं. पावडर संपली म्हणून ब्रॉथमध्येच अगार मिसळून प्लेटा ओतायच्या, हा शॉर्टकट नेमका इथे नडतो. ब्रेन हार्ट इन्फ्युजनचंही तेच. वाढ भरघोस येते, हिमोलिसिस मात्र भरवशाचा राहत नाही.

स्ट्रीक करताना लूपने अगारमध्ये दोन-तीन तिरप्या खोचा द्या. स्ट्रेप्टोलायसिन ओ ऑक्सिजनने निष्क्रिय होतं आणि एस होत नाही. ए गटाच्या मोजक्या स्ट्रेन्स एस तयारच करत नाहीत. पृष्ठभागावर त्या साध्या दिसतात आणि फक्त खोचेभोवती स्वच्छ वर्तुळ देतात. 35 ते 37 अंशांवर 18 ते 24 तास ठेवा, मग प्लेट उजेडासमोर धरून मागच्या बाजूने पाहा. कॉलनीचा आकारही मोजा. अर्धा मिलिमीटरपेक्षा लहान, कधी गोडसर कॅरॅमलसारखा वास येणारी कॉलनी अँजायनोसस समूहाची असण्याची शक्यता मोठी. हा समूह ए, सी, एफ, जी यांपैकी कोणतंही अँटिजन दाखवू शकतो किंवा एकही दाखवत नाही. लेटेक्सच्या निकालाशेजारी कॉलनीचा आकार लिहिला नसेल, तर तो निकाल अर्धाच आहे.

रिबेका लान्सफिल्ड यांनी 1933 मध्ये बीटा हिमोलायटिक स्ट्रेप्टोकोकायची गटवारी मांडली. पेशीभित्तिकेतल्या कर्बोदकांवर आधारलेली ती रचना आजही चालते, पण गट म्हणजे प्रजाती नव्हे. ए गटाचा जंतू बहुधा स्ट्रेप्टोकोकस पायोजेनस असतो, नेहमीच नाही. सी आणि जी गटांत माणसाकडून मिळणारा मुख्य जंतू स्ट्रेप्टोकोकस डिसगॅलॅक्टी, उपप्रजाती इक्विसिमिलिस. कुत्र्यांमधला स्ट्रेप्टोकोकस कॅनिसही जी गटाचाच. काही इक्विसिमिलिस स्ट्रेन्सवर चक्क ए अँटिजन सापडलेलं आहे. म्हणजे शुद्ध कल्चरवर फक्त ए गट आला, तरी एक प्रजातीची चाचणी उरतेच.

शुद्ध कॉलनी मिळाली की आधी कॅटालेज चाचणी करा: स्टॅफिलोकोकस बुडबुडे देतो, स्ट्रेप्टोकोकस देत नाही. 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब स्लाइडवर घ्या, प्लेटवर टाकू नका. कॉलनीबरोबर रक्त आलं तर लाल पेशींचंच कॅटालेज बुडबुडे देतं आणि स्ट्रेप्टोकोकस नाहक बाद होतो. सुईऐवजी लाकडी काडीच्या टोकाने वरवर उचलणं सोपं जातं. ही पायरी गाळली तर स्टॅफिलोकोकसचा धोका राहतो. स्टॅफिलोकोकस ऑरियसचं प्रोटीन ए लेटेक्सच्या मण्यांवरच्या आयजीजीला चिकटतं आणि सगळ्या गटांत एकदम गुठळ्या देतं. सहाही वर्तुळांत प्रतिक्रिया दिसली तर किटला दोष देण्याआधी कॅटालेज पुन्हा करा.

मग पीवायआर. ए गटासाठी मी बॅसिट्रॅसिनपेक्षा यावर जास्त भिस्त ठेवतो. बॅसिट्रॅसिनची टायपिंग डिस्क 0.04 युनिटची असते आणि औषधसंवेदनशीलतेची 10 युनिटची. दोन्ही डब्या फ्रिजमध्ये शेजारी असतात आणि अदलाबदल होते. 10 युनिटच्या डिस्कला जवळपास सगळेच स्ट्रेप्टोकोकाय झोन देतात. योग्य डिस्क असली तरी सी आणि जी गटांतल्या काही स्ट्रेन्स तिलाही संवेदनशील निघतात, आणि ए गटातल्या काही प्रतिरोधक. प्राथमिक प्लेटवर ठेवलेली डिस्क तर दुहेरी फसवते: वाढ विरळ असेल तर खोटा झोन दिसतो, आणि इतर जंतूंची गर्दी असेल तर खरा झोन झाकला जातो. डिस्क ठेवायचीच तर शुद्ध कल्चरच्या दाट लॉनवर, शेजारी 1.25/23.75 मायक्रोग्रॅमची ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोल डिस्क ठेवून. ए आणि बी गट हिला प्रतिरोधक असतात, सी आणि जी बहुधा संवेदनशील. तुमच्या कल्चरने दोन्ही डिस्कांना झोन दिला तर ए गटाची शक्यता लगेच मागे पडते.

पीवायआरची डिस्क हलकी ओलसर करा, चिंब नको. त्यावर भरपूर कॉलनी चोळा, किटने सांगितलेला वेळ थांबा आणि अभिकर्मकाचा थेंब टाका. एका मिनिटात गडद गुलाबी ते लाल झाली तर पॉझिटिव्ह. फिका केशरी रंग म्हणजे निगेटिव्ह, दहा मिनिटांनी आलेला गुलाबी मोजायचा नाही. पायोजेनस पॉझिटिव्ह, इक्विसिमिलिस आणि अँजायनोसस समूह निगेटिव्ह. एंटेरोकोकस पॉझिटिव्ह असतो, पण बाइल एस्क्युलिन काळं करतो आणि 6.5 टक्के मिठात वाढतो. पायोजेनस यांपैकी काहीच करत नाही. लहान कॉलनीचा संशय उरला तर व्होग्स-प्रॉस्कॉअर करा, अँजायनोसस समूह त्यात पॉझिटिव्ह येतो.

आता लेटेक्स. बहुतेक किट्समध्ये एन्झाइमचं 0.4 मिलिलिटर द्रावण, त्यात चार-पाच कॉलनी, 37 अंशांवर 10 मिनिटं आणि मध्ये एकदा हलवणं अशी पद्धत असते. तुमच्या किटच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो पाळा. द्रावण अगदी दुधाळ होईपर्यंत कॉलनी घालायचा मोह टाळा. जास्त जंतू म्हणजे न विरघळलेल्या पेशी, आणि त्या स्वतःच दाणेदार दिसतात. अगारचा तुकडा आत गेला तरी तेच. लेटेक्सची बाटली उभी ठेवून हलवा, फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, कार्ड एक मिनिट फिरवा आणि त्याच मिनिटाला वाचा. थेंब सुकायला लागला की कडेला खोट्या गुठळ्या जमतात. एका गटात ठळक आणि दुसऱ्यात उशिरा आलेली बारीक प्रतिक्रिया असेल तर अर्क कमी घेऊन पुन्हा करा, फिकी बहुधा नाहीशी होते. दोन्ही तितक्याच जोमाने आल्या तर पुन्हा सबकल्चर. बी गटाच्या लेटेक्सला स्ट्रेप्टोकोकस स्यूडोपोर्सिनसही गुठळ्या देतो आणि तो कॅम्प चाचणीतही पॉझिटिव्ह येतो. योनिमार्गाच्या नमुन्यातल्या ‘बी गटाचा’ हिमोलिसिस नेहमीपेक्षा रुंद दिसला तर हे लक्षात असू द्या.

कॅम्पचं नाव आलं म्हणून: क्रिस्टी, अ‍ॅटकिन्स आणि मुंच-पीटरसन यांची 1944 ची ही चाचणी मानवी रक्तावर करू नका. स्टॅफिलोकोकसचं बीटा टॉक्सिन स्फिंगोमायलिनवर काम करतं, आणि ते मेंढी-गाईच्या लाल पेशींत भरपूर असतं. स्टॅफिलोकोकसच्या रेषेला काटकोनात, तिला न टेकता, 3-4 मिलिमीटर अंतर ठेवून स्ट्रीक करा. साध्या हवेत उबवा. कार्बन डायऑक्साइडमध्ये किंवा ऑक्सिजनविना ठेवलं तर ए गटाच्या काही स्ट्रेन्सही पॉझिटिव्ह निकालाचा बाणासारखा आकार दाखवतात.

तरीही वाद मिटला नाही तर लान्सफिल्डची मूळ पद्धत अजून उपयोगी आहे, अट एवढीच की चांगला सिरा (प्रतिपिंडांचं सिरम) हाताशी हवा. टॉड-ह्यूइट ब्रॉथमध्ये 30 ते 40 मिलिलिटर रात्रभर वाढवा, सेंट्रिफ्यूज करा, वरचं द्रव पूर्ण काढा. गाळावर 0.2 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थोडे थेंब घाला, एकूण 0.3 ते 0.4 मिलिलिटरच. उकळत्या पाण्यात 10 मिनिटं ठेवा, गार करा, पुन्हा फिरवा. वरचं द्रव वेगळं घेऊन फिनॉल रेड टाका आणि सोडियम हायड्रॉक्साइडने थेंबाथेंबाने फिका गुलाबी होईपर्यंत उदासीन करा. सगळ्यात जास्त चुका याच जागी होतात. आम्ल उरलं तर सिरममधली प्रथिनंच साखळतात आणि खोटी कडी दिसते. अल्कली जास्त झाली तर निकाल धूसर येतो. केशनळीत आधी सुमारे एक सेंटिमीटर सिरम ओढा, टोक पुसा, मग तेवढाच अर्क. मधे हवेचा बुडबुडा आला तर नळी टाकून द्या. प्लास्टिसिनमध्ये उभी करून काळ्या पार्श्वभूमीवर बघा. पाच-दहा मिनिटांत सीमेवर पांढरी कडी आली तरच ती धरा, अर्ध्या तासानंतर उमटलेली सोडून द्या.

मॅल्डी-टॉफ (प्रथिनांच्या वस्तुमानावरून जंतू ओळखणारं यंत्र) असेल तर हे सारं का करायचं, हा प्रश्न रास्त आहे. पायोजेनस आणि अगॅलॅक्टी (बी गट) ते छान ओळखतं. डिसगॅलॅक्टीच्या उपप्रजातींवर, कॅनिसवर आणि न्यूमोकोकस विरुद्ध मायटिस यावर त्याचा शब्द शेवटचा मानू नये. शिवाय ते प्रजाती सांगतं, एम प्रकार सांगत नाही.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग एम प्रकाराचा. ए गटाच्या पृष्ठभागावरचं एम प्रथिन लान्सफिल्ड यांनीच 1920 च्या दशकात ओळखलं. ते गरम आम्लात टिकतं, म्हणून त्याच अर्कावर एम सिरा वापरून टायपिंग होत असे. फ्रेडरिक ग्रिफिथ, म्हणजे न्यूमोकोकसच्या ट्रान्सफॉर्मेशनवाले, यांनी 1934 मध्ये स्लाइड अ‍ॅग्लुटिनेशनने टी टायपिंग मांडलं. ट्रिप्सिनला दाद न देणारं ते टी अँटिजन म्हणजे पिलायचं प्रथिन, हे 2005 मध्ये कळलं. एम सिरा करणं अवघड, मिळणं त्याहून अवघड. उष्ण प्रदेशांतल्या पुष्कळ स्ट्रेन्स त्या सिरांच्या संचात बसतच नसत आणि ‘नॉन-टाइपेबल’चा ढीग साचायचा. 1990 च्या दशकात अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने ईएमएम, म्हणजे एम प्रथिनाच्या, जनुकाच्या सुरुवातीच्या टोकाचं सिक्वेन्सिंग रूढ केलं आणि आज तेच प्रमाण आहे. आतापर्यंत 200 हून जास्त प्रकार नोंदले गेले आहेत.

काम असं चालतं. रात्रभर वाढलेल्या शुद्ध कल्चरचा लूपभर भाग सलाइनमध्ये घेऊन 70 अंशांवर 15 मिनिटं ठेवतात, फिरवतात, गाळ टीई बफरमध्ये घेऊन म्युटॅनोलायसिन आणि हायल्युरोनिडेज घालून 37 अंशांवर अर्धा तास, मग 100 अंशांवर 10 मिनिटं. हायल्युरोनिडेज गाळू नका. ए गटाचं कवच हायल्युरोनिक आम्लाचं असतं, आणि म्युकॉइड स्ट्रेनमध्ये त्याचा चिकट थर पीसीआरला (जनुकाच्या प्रती वाढवण्याच्या पायरीला) अडवतो. सीडीसीची प्रायमर जोडी (जनुकाला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरा. तिचं अ‍ॅनीलिंग (चिकटण्याचं) तापमान मुद्दाम कमी, 46-47 अंशांच्या आसपास असतं. जेलवरची पट्टी एकाच लांबीची येणार नाही. एम प्रथिनात पुनरावृत्त तुकडे असतात आणि त्यांची संख्या स्ट्रेनगणिक बदलते, त्यामुळे ती हजार बेसच्या अलीकडे-पलीकडे कुठेही दिसते. लांबी ‘चुकली’ म्हणून नमुना बाद करू नका, एकाच नमुन्यात दोन पट्ट्या आल्या तर मात्र थांबा.

सिक्वेन्सिंग पुढच्या बाजूच्या प्रायमरने करा. प्रकार ठरतो तो परिपक्व प्रथिनाच्या सुरुवातीच्या 30 अमिनो आम्लांवरून, म्हणजे 90 बेसवरून. त्या 90 बेसमध्ये संदर्भ प्रकाराशी 92 टक्के किंवा जास्त साम्य असेल तर तोच प्रकार. उपप्रकारासाठी 180 बेस तपासतात आणि तिथे साम्य पूर्ण लागतं, एका बेसचा फरकही नवा उपप्रकार करू शकतो. उलट्या बाजूच्या प्रायमरने वाचलं तर जनुकाचं सगळ्यांत सारखं असलेलं टोक मिळतं आणि सगळे प्रकार सारखेच दिसतात. आलेखात शिखरं एकावर एक चढली तर पहिला संशय मिश्र कल्चरचा. दुसरं कारण जनुकाच्या शेजाऱ्यांचं: ईएमएमच्या दोन्ही बाजूंना तिच्यासारखीच एमआरपी आणि ईएनएन ही जनुकं असू शकतात आणि प्रायमर कधी त्यांनाही चिकटतो. अ‍ॅनीलिंग तापमान थोडं वाढवून पुन्हा पाहा. तरीही संदिग्धता राहिली तर पूर्ण जिनोम.

गंमत म्हणजे तुमच्या मूळ शंकेचं उत्तरही याच चाचणीत मिळू शकतं. डिसगॅलॅक्टी इक्विसिमिलिसमध्येही ईएमएम जनुक असतं आणि तेच प्रायमर चालतात. निकाल ‘एसटीजी’ किंवा ‘एसटीसी’ने सुरू होणाऱ्या प्रकारात आला, उदाहरणार्थ एसटीजी 485, तर जंतू बहुधा पायोजेनस नसून इक्विसिमिलिस आहे.

पण टायपिंग कशासाठी, हे आधी ठरवा. एका रुग्णाच्या उपचारासाठी ईएमएम प्रकार लागत नाही. पायोजेनस पेनिसिलिनला संवेदनशीलच असतो, आणि सी-जी गटांचा उपचारही वेगळा नसतो. प्रसूतिकक्षात किंवा जळिताच्या वॉर्डात आठवड्यात दोन आक्रमक संसर्ग आले, तर प्रकाराला किंमत येते. प्रकार वेगळे निघाले तर सामायिक स्रोताची शक्यता तिथेच संपते. सारखे निघाले तर ते पुरावा नाही, फक्त शंका कायम राहते. भारतात ईएमएम प्रकारांची विविधता बरीच आहे, त्यामुळे एखादा दुर्मिळ प्रकार दोनदा येणं बोलकं असतं. ईएमएम 1 दोनदा आला तर त्यावरून फार काही म्हणता येत नाही. 2019 मध्ये ब्रिटनमधून वर्णन झालेली एम 1 यूके वंशावळ जुन्या एम 1 पेक्षा 27 एसएनपींनी (एकेका बेसच्या बदलांनी) वेगळी आहे आणि एसपीईए हे टॉक्सिन जास्त तयार करते, पण ईएमएम चाचणीला दोन्ही सारखीच. तिथे पूर्ण जिनोमच लागतो. तसंच ‘संधिवाताच्या तापाचे प्रकार’ म्हणून पाठ केलेली 1, 3, 5, 6, 18, 24 ही यादी मुख्यतः अमेरिकी अनुभवातून आलेली आहे. इथल्या मुलाच्या घशात वेगळाच प्रकार सापडला म्हणून पालकांना निर्धास्त करू नका.

बी गटाचं टायपिंग कवचाच्या कर्बोदकांवर चालतं, वनए, वनबी आणि 2 ते 9 असे दहा प्रकार. न्यूमोकोकसला लान्सफिल्डचा गट लागूच नाही. तिथे 5 मायक्रोग्रॅमची ऑप्टोचिन डिस्क, 5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये 14 मिलिमीटर किंवा जास्त झोन, त्याहून कमी आला तर पित्त-विद्राव्यता, आणि सिरोटाइपसाठी क्वेलंग (प्रतिपिंडांनी कवच फुगलेलं दाखवणारी चाचणी). पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या दहा-प्रकारी लसीत तुमचा सिरोटाइप आहे का, हे पाहायचं असेल तर ही मेहनत घ्यावीच लागते.

रोजच्या नियंत्रणासाठी एटीसीसी (प्रमाण जंतूंचा संग्रह) 19615 पायोजेनस, 12386 अगॅलॅक्टी आणि 29212 एंटेरोकोकस फिकॅलिस हे तीन ठेवा. पीवायआर, बॅसिट्रॅसिन, बाइल एस्क्युलिन आणि लेटेक्स यांची तपासणी त्यांवर होते, कॅम्पसाठी स्टॅफिलोकोकस ऑरियस 25923. आठवडेच्या आठवडे प्लेटवरून प्लेटवर फिरवलेला नियंत्रण जंतू कवच आणि एम प्रथिन गमावत जातो. म्हणून 15 ते 20 टक्के ग्लिसरॉल घातलेल्या टॉड-ह्यूइटमध्ये उणे 70 अंशांवर छोट्या नळ्या करून ठेवा आणि दर महिन्याला नवी काढा.

संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवायचं असेल तर शुद्ध, रात्रभर वाढलेलं कल्चर निर्जंतुक फिल्टर पेपरवर घेऊन सुकवा आणि सिलिका जेलच्या पाकिटात घाला. पायोजेनस कोरडेपणा चांगला सोसतो, बर्फाची गरज पडत नाही. सोबतच्या कागदावर नमुन्याची जागा, तारीख, कॉलनीचा आकार, हिमोलिसिस कोणत्या रक्तावर पाहिला, पीवायआर आणि लेटेक्सचा निकाल लिहा. सबकल्चरनंतरही दोन गटांत गुठळ्या येत असतील तर तेही तसंच लिहा. त्यांना मग पहिली कॉलनी कुठून उचलायची ते कळतं.